मे महिन्यात उपासना सकाळी साडेसातला ठेवावी का? आणि सूचना कशा आटपायच्या?

काजूची_बी

सगळ्यांना सलाम. आमची चर्चची मंडळी छोटी आहे, वेंगुर्ल्यापासून थोडी आत, मूळची अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची, आता सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). एरवी रविवारी पस्तीस-चाळीस माणसं, त्यातली निम्मी साठीच्या पुढची. मे लागला की मुंबई-पुण्याचे सगळे येतात आणि शंभरच्या वर जातो, बाकं पुरत नाहीत, पोरं खिडकीत चढून बसतात. त्याचा आनंदच आहे. तक्रार घामाची आहे.

उपासना दहाची, म्हणजे सुरू व्हायला सव्वादहा. गीतं, शास्त्रपाठ, उपदेश अर्धा तास, पहिल्या रविवारी प्रभुभोजन, आणि हे सगळं झालं की सूचना. खरं प्रकरण सूचनांचं आहे. काल मी मुद्दाम मोबाईलवर टायमर लावून बघितलं, २७ मिनिटं! वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, ज्यांचं लग्न जमलंय त्यांची नावं (ती तीन रविवार वाचावीच लागतात आणि मे म्हणजे लग्नंच लग्नं), कोण आजारी, कोणाकडे पाहुणे आलेत ते उभं करून सगळ्यांना दाखवायचे, व्हीबीएसला (सुट्टीतली मुलांची बायबल शाळा) नावं द्या, महिला मंडळाची प्रार्थनासभा कोणाकडे, कंपाऊंडातल्या विहिरीचं पाणी जपून वापरा, आणि शेवटी आंब्या-फणसाचा लिलाव.

मोबाईल ३४ डिग्रीच दाखवतो पण इथे राहणाऱ्याला माहितीये ते ३४ काय असतात. पूर्वी वर मंगळुरी कौलं होती तेव्हा एवढं व्हायचं नाही, गळतं म्हणून कौलं काढून पत्रे घातले तेव्हापासून अकरा वाजले की आत भट्टी. त्यात लाईट जाते. काल लाईट गेली आणि आमच्या शेजारच्या आजी पाहुण्यांची ओळख चालू असताना बाकावरच कलंडल्या, पदराने वारा घालून आणि कोकमाचं पाणी पाजून ठीक झाल्या, पण सगळे घाबरलो.

मी तरुण संघाची सेक्रेटरी आहे (कोणी तयार नव्हतं म्हणून). मी सुचवलं की मे महिन्यापुरती वेळ साडेसात करूया. लगेच मुंबईकरांमधून आवाज आला, सुट्टीत तरी झोपू द्या की गं. पाळकसाहेब (पास्टर) म्हणाले सेशनमध्ये ठेवू, म्हणजे पाळक आणि मंडळीने निवडलेले वडील (एल्डर) यांच्या बैठकीत. तर तुमच्याकडे कोणी केलंय का असं? आणि सूचना कमी कशा करता? मी म्हणते सरळ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायच्या आणि विषय संपवायचा.

रत्नागिरीची_मावशी

बाळा आम्ही तीन वर्षं करतोय, बिनधास्त करा. ईस्टर झाल्यावरच्या रविवारपासून पाऊस लागेपर्यंत साडेसात. पहिल्या वर्षी निम्मे लोक दहालाच आले आणि रिकामं चर्च बघून आमच्याच घरी चहाला बसले, म्हणून सांगते की नुसतं जाहीर करून भागत नाही, पहिले दोन रविवार घरोघर निरोप द्यावा लागतो. घंटा दोनदा वाजवायची, एकदा सातला म्हणजे उठलेले निघतात, एकदा सव्वासातला म्हणजे न उठलेले उठतात. नंतर व्हरांड्यात चहा आणि घावणे किंवा उसळ, पाळीपाळीने एकेक घर. नाश्ता मिळतो कळल्यावर मुंबईवाले आपोआप उठायला लागले, उपदेशाने झालं नसतं ते घावण्यांनी झालं.

पण व्हॉट्सअ‍ॅपचं मात्र ऐक माझं. आम्हीही तेच केलं होतं, सगळं ग्रुपवर, उपासनेत फक्त "सूचना ग्रुपवर पाहाव्यात" एवढंच. आमच्याकडे एक काका आहेत, एकटे राहतात, साधा बटणाचा फोन. ते पडले, मांडीचं हाड मोडलं, पुतण्याने सरकारी दवाखान्यात नेलं आणि ग्रुपवर टाकलं. टाकलं ते कोणाच्या तरी नातवाच्या बड्डेच्या फोटोंखाली गेलं, चाळीस केक आणि फुगे. ज्यांच्याशी काकांचं खरं येणंजाणं ते दोघं-तिघं ग्रुपवरच नाहीत. आम्हाला कळलं नवव्या दिवशी, तेही बाजारात. मी भेटायला गेले तर काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "दोन रविवार झाले, मला वाटलं प्रार्थनेत माझं नाव घेतलं असेल." मला तिथे बसवेना. तेव्हापासून आजाऱ्यांची नावं आम्ही मोठ्याने वाचतो, पहिल्या गीताच्या आधी. बाकी केकबिक जाऊदे ग्रुपवर.

दादर_ते_कुडाळ

मी त्या झोपाळू मुंबईकरांपैकीच एक त्यामुळे आमची बाजूपण मांडतो. झोपेचा प्रश्न नाहीये हो सगळ्यांचा. शनिवारी अर्धा दिवस ऑफिस करून रात्री कोकणकन्या पकडली तर कुडाळला उतरायला सकाळ होते, तिथून रिक्षा नाहीतर लाल डबा, घरी बॅगा टाकून दहाच्या उपासनेला कसाबसा पोचतो. साडेसात केलंत तर माझा तो रविवार गेलाच, आणि रजा मिळते आठ दिवसांची म्हणजे रविवार येतात दोन. मुंबईत आम्ही जातो त्या चर्चमध्ये उपासना मराठीच आहे पण शेजारी कोण बसलंय ते माहिती नसतं. गावात पाहुणे म्हणून उभं करतात ना, तुम्हाला तो टाईमपास वाटतो, मला लाज वाटते पण बरंही वाटतं. वडील गेल्यापासून "अमक्याचा मुलगा" असं म्हणणारी तेवढी एकच जागा राहिलीय.

बाकी लिलावाबद्दल मात्र पूर्ण सहमत, तो आमच्या लोकांनी बिघडवलाय. गेल्या मेमध्ये आमच्याच एका अंकलनी स्वतः दान दिलेली हापूसची पाच डझनाची पेटी स्वतःच बोली लावून चार हजारांना घेतली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्यामागून एका आजीचा फणस आला, परसातलं एकच झाड, सकाळी स्वतः काढून डोक्यावरून आणलेला, हाताला चीक तसाच, तो ८० रुपयांना गेला कारण बरका (मऊ, लिबलिबीत गऱ्यांचा) आहे म्हणून कोणाला नको होता. आजी हसत होती पण मला ते बरं वाटलं नाही. मी घ्यायला पाहिजे होता. ट्रेनमध्ये कसा नेणार या विचारात गप्प बसलो.

मालवणी_मसालो

माका विचारशात तर साडेसात म्हणजे पण उशीरच 😄

आमचं काम जेटीवर, बर्फाच्या कारखान्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे मे महिना म्हणजे शेवटची धावपळ, रविवार-सोमवार काय कळत नाय. दहाची उपासना मे महिन्यात माका कधीच गावाक नाय. साडेसातची गावतली, कामावर जायच्या आधी. सगळे फक्त मुंबयकरांचाच बघतत, हय बारा महिने रवणाऱ्यांची ड्युटी कोण बघणार? आणि व्हीबीएस पण तसंच, दरवर्षी १० तारखेनंतर ठेवतात कारण मुंबईची पोरं तेव्हा येतात. आमच्या पोरांका त्याच वेळेक काजी आणि आंबे काढूक जावचा लागता, आईबापांबरोबर. शिकवायला मुंबईच्या ताया, गाणी पण अर्धी इंग्लिश, आमची पोरगी अ‍ॅक्शन करता पण शब्द काय ते तिका विचारू नकात.

काजूची_बी

@मालवणी_मसालो दादा हे व्हीबीएसचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आमच्याकडे पण तेच होतं. आमच्या स्वतःच्या बागेत काजूच्या वेंगुर्ला चार आणि सात या जातींची झाडं आहेत, लहानपणी मी पण बिया वेचायलाच असायचे आणि शेवटच्या दिवशी फक्त बक्षीस समारंभाला जायचे, बक्षीस अर्थात नाही.

@रत्नागिरीची_मावशी वाचून गप्पच झाले. ग्रुपची आयडिया मागे घेतली.

निवृत्त_वडील

थोडं जुनं-पानं बोलतो, कंटाळा आला तर पुढे जा. मी कोल्हापूर भागातल्या मंडळीचा वडील होतो, पंधरा वर्षं सेशनमध्ये काढली. १९७० साली सीएनआय झाल्यावर कागदावर पास्टोरेट कमिटी आली पण आमच्याकडे म्हातारी माणसं अजून सेशनच म्हणतात, तुमच्याकडेही तेच दिसतंय. प्रेस्बिटेरियन पद्धतीत उपासनेची वेळ ठरवणं हे पाळक आणि वडील मिळून सेशनचं काम, त्याला सगळ्या मंडळीची सभा बोलवून हात वर करून घ्यायची गरज नाही. सभा बोलवलीत तर मे महिन्यात कोणाची संख्या जास्त ते तुम्हीच सांगितलंय, आणि जूनमध्ये ते सगळे परत गेलेले असणार. वडील निवडून देतो ते याचसाठी. फक्त सेशनने ठरवल्यावर निदान दोन रविवार आधी व्यासपीठावरून सांगावं.

दहाच्या वेळेला लोक फार चिकटून असतात, जणू मिशनऱ्यांनी दगडात कोरून ठेवलीय. वाइल्डरसाहेब कोल्हापुरात १८५२ ला आले, रत्नागिरीचं ठाणं १८७३ चं, वेंगुर्ल्याचं १९०० चं. एवढ्या वर्षांत भाषा बदलली, पेटी-तबला आला, बाकांवर बायका-पुरुष वेगळे बसायचे ते एकत्र बसायला लागले, मग घड्याळाचा काटा हलला तर काय बिघडतं? यंदा पन्नासावा दिवस (पेंटेकॉस्टचा सण) २४ मे ला आहे. बायबलमध्ये त्या दिवशी येशूचा शिष्य पेत्र बोलायला उभा राहिला तेव्हा दिवसाचा तिसरा तास होता, म्हणजे सकाळचे नऊ, आणि त्याच दिवशी तीन हजार माणसांची भर पडली. दुसऱ्या बाजूला पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला तर युतुख खिडकीत झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. तुमची पोरं खिडकीत बसतात म्हणालात म्हणून आठवलं.

लिलावाला एक सोपी गोष्ट करा. बोली लावणाऱ्याने स्वतः दिलेली वस्तू घ्यायची नाही. आम्ही हा नियम केला तेव्हा दोघं रुसले, पुढच्या वर्षी तेच पुढे होते.

दादर_ते_कुडाळ

वडील, पटलं. मी शुक्रवारीच निघायचं बघतो, बॉसला काय सांगायचं ते माझं मी बघेन.

रत्नागिरीची_मावशी

घावणे ठेवते तुझ्यासाठी असं म्हणाले असते पण तू वेंगुर्ल्याकडचा 😀

काजूची_बी

दोन आठवड्यांनी अपडेट. सेशनने साडेसात केलं, पावसापर्यंत. निवृत्त वडील, तुमचा दोन रविवार आधीचा नियम पाळला नाही, आजींच्या चक्करीमुळे एकाच रविवारात लागू केलं. आम्ही तरुण संघाचे चौघं स्कूटरवरून घरोघर फिरलो, तरी १० मे ला सात-आठ जण दहालाच आले. काल १७ ला फक्त दोन, त्यातले एक स्वतः आमच्या सेशनचे वडील.

सूचना आता दोन भागांत. आजारी, दवाखान्यात असलेले, एकटे असलेले आणि लग्नाची नावं, हे पहिल्या गीताआधी मोठ्याने, आणि वाचायचं मला दिलंय. पाहुणे नंतर, बाहेर आंब्याखाली चहा पिताना, ज्याला ज्याची ओळख करून द्यायची त्याने द्यावी. उपासना सव्वानऊला सुटली. कलंडलेल्या आजी आता पावणेसातलाच येऊन दाराजवळच्या बाकावर बसतात, मी म्हटलं आजी घंटा पण झाली नाही अजून, तर म्हणाल्या यादीत कोण कोण आहे ते आधी सांग, मला डोळे मिटून बसायला वेळ लागतो. आता मी शनिवारी रात्रीच त्यांच्याकडे यादी वाचून दाखवते. गेल्या शनिवारी त्यांनी दोन नावं वाढवली जी पाळकसाहेबांनापण माहिती नव्हती.

व्हीबीएस यंदा हलवता आली नाही, नावं घेऊन झाली होती. पण वेळ दुपारी चार ते सहा केली म्हणजे बागेतून आलेली पोरं येऊ शकतील. पहिल्या दिवशी गावातली अकरा आली, गेल्या वर्षी चार होती. गाणी मराठीच घेतोय, मुंबईची एक ताई स्वतःच म्हणाली की मलाही हीच यायला हवी होती.

लिलाव काल झाला, झाडाखाली, नवीन नियमाने. अंकल थोडे फुगले. एका बाईंच्या आमसुलांच्या पुड्या सगळ्यात आधी संपल्या. दादर_ते_कुडाळ खरंच आले होते (चेहऱ्यावरून ओळखलं, अगदी त्यांच्या बाबांसारखे दिसतात), त्यांनी फणस २५० ला घेतला, परत बरकाच, आणि तिथेच फोडायला बसले. तेल कोणी आणलं नव्हतं, सगळ्यांचे हात चिकट, त्याच हातांनी प्रभूची प्रार्थना म्हणून घरी गेलो.

मालवणी_मसालो

आमच्याकडे पण पाळकांका हो धागो दाखवलंय. बघूया म्हणाले. "बघूया" म्हणजे पुढच्या वर्षी.

रत्नागिरीची_मावशी

छान झालं गं. आणि पाऊस लागला की परत दहा ना?

काजूची_बी

हो मावशी, पण पत्र्यावर पाऊस पडायला लागला की आमच्याकडे उपदेश ऐकूच येत नाही. त्याच्यासाठी जूनमध्ये वेगळा धागा काढते.