कॅनडात तिसरा इंटरव्ह्यू पुढच्या गुरुवारी, 'स्वतःबद्दल सांगा'ला नक्की काय सांगायचं?

नवी_मिसिसागाकर:

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं ऑक्टोबरमध्ये पीआरवर (कायम राहायच्या परवान्यावर) मिसिसागाला आलो. मी एमकॉम, चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत २०१५ ते २०२२ अकाउंट्सला होते, शेवटची चार वर्षं फक्त पार्ट्यांची बिलं पास करणं आणि पेमेंट, इथे ज्याला अकाउंट्स पेएबल म्हणतात तेच. मग मुलगी झाली आणि तीन वर्षं घरी होते.

आतापर्यंत दोन इंटरव्ह्यू झाले, दोन्ही गेले. पहिला फोनवर होता. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हणाली तर मी सुरुवात केली की मी साताऱ्याची, वडील शिक्षक होते, शाळा कुठली, कॉलेज कुठलं, लग्नानंतर पुणे, असं करत करत कामापर्यंत येईस्तोवर चारेक मिनिटं गेली आणि ती म्हणाली थँक्यू, वी विल लेट यू नो. दुसऱ्यात विचारलं की सहकाऱ्याशी मतभेद झाला असा एक प्रसंग सांगा. मी म्हटलं आमची टीम घरासारखी होती, कधी भांडण झालंच नाही. त्या बाई गप्प बसल्या, मीही गप्प. शेवटी कॅनडाचा अनुभव आहे का, तर मी चक्क सॉरी म्हणाले.

आता पुढच्या गुरुवारी ओकव्हिलला प्रत्यक्ष इंटरव्ह्यू आहे, समोर दोन जण असणार, पोस्ट एपी, म्हणजे अकाउंट्स पेएबल, क्लार्कची. यूट्यूबवरून चाळीस प्रश्नांची उत्तरं लिहून पाठ केलीत पण नवरा म्हणतो वाचून दाखवल्यासारखं वाटतंय. चाकणला मी इंटरव्ह्यू दिला तेव्हा जर्नल एंट्री विचारल्या होत्या, टीडीएसचे रेट विचारले होते, ते मला येतं. हे 'असा एक प्रसंग सांगा' प्रकरण मला कळतच नाहीये. कुणी सांगाल का? गॅपचं काय सांगू? आणि पगार किती सांगायचा?


स्कारबरोकर:

ताई, आधी ती चाळीस उत्तरं बाजूला ठेवा. मी इथे अकरा वर्षं आहे, वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर, आणि गेली पाच वर्षं पॅनेलवर बसतो. पाठ केलेलं उत्तर दुसऱ्या वाक्याला कळतं कारण तेच शब्द आम्ही सकाळपासून तीनदा ऐकलेले असतात.

पॅनेलच्या बाजूने काय चालतं ते सांगतो म्हणजे भीती जाईल. आमच्याकडे प्रश्न आधीच छापलेले असतात, सगळ्या उमेदवारांना तेच, त्याच क्रमाने. प्रत्येक प्रश्नाखाली जागा असते, तुम्ही बोलाल ते आम्ही लिहितो आणि मग मार्क देतो. तुम्ही थांबलात की समोरचा खाली बघून लिहीत असतो, म्हणून शांतता असते. उत्तर चुकलं म्हणून नाही!! आपली बरीच माणसं त्या शांततेला घाबरतात आणि मग चांगल्या उत्तराच्या मागे काहीही जोडत बसतात. बोलून झालं की थांबा, हात मांडीवर, श्वास घ्या. प्रश्न नाही कळला तर परत विचारायला सांगा, त्याचे मार्क जात नाहीत.

आणि तुम्ही म्हणालात 'भांडण झालंच नाही', तिथे मी लिहिणार काय? जागा कोरी राहते आणि कोऱ्या जागेला शून्य. माणूस वाईट म्हणून नाही, लिहायला काही नाही म्हणून.

प्रसंगाच्या प्रश्नांना इथे स्टार पद्धत म्हणतात. आधी परिस्थिती काय होती ते दोन वाक्यात, मग त्यात तुमच्यावर काय जबाबदारी होती, मग तुम्ही काय केलंत (इथे सगळ्यात जास्त वेळ द्या) आणि शेवटी काय झालं, शक्य असेल तर आकड्यात. दोन मिनिटं पुरतात. चाळीस उत्तरांऐवजी तुमच्या कामातले खरे पाच-सहा प्रसंग काढा: एक मतभेदाचा, एक तुमच्या हातून झालेल्या चुकीचा आणि ती कशी सुधारलीत त्याचा, एक डेडलाइनचा, एक नवीन काही शिकलात त्याचा, एक तुम्ही काही सुधारणा केलीत त्याचा. प्रश्न कसाही फिरवून आला तरी ह्यातलाच एक बसतो.

'स्वतःबद्दल सांगा' म्हणजे कामाबद्दल सांगा, बास. सातारा, वडील, लग्न काही नाही. आत्ता मी काय करते, आधी काय केलं, ह्या पोस्टला ते का जुळतं. दीड मिनिट. मला माहितीये हे आपल्याला तुटक वाटतं, आपल्याकडे कुणाची कोण, कुठली हे सांगितल्याशिवाय ओळखच होत नाही, पण इथे घरचं सांगितलं की समोरचाच अवघडतो कारण ते त्याने लिहूनही घ्यायचं नसतं.


पेएबलवाली_ब्रॅम्प्टन:

मी हेच काम करते, सात वर्षं झाली. स्कारबरोकरांनी पद्धत सांगितली, मी शब्द सांगते कारण माझे पहिले चार इंटरव्ह्यू शब्दांपायीच गेले असं मला आजही वाटतं.

टॅलीत आपण सन्ड्री क्रेडिटर्स म्हणतो, इथे अकाउंट्स पेएबलच म्हणायचं. पार्टी म्हणू नका, पार्टी म्हणजे इथे केक कापतात ती, व्हेंडर किंवा सप्लायर म्हणा. डेबिट नोट म्हटलं की काही जण गोंधळतात, त्यापेक्षा 'व्हेंडरकडून क्रेडिट घेतलं' असं सांगा. लाख-कोटी अजिबात नको, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, आधीच घरी हिशोब करून ठेवा कारण तिथे बसून होत नाही. 'पास आऊट झाले २०१४ ला' म्हणू नका, ह्यांच्या इंग्रजीत पास आऊट म्हणजे चक्कर येऊन पडणं, ग्रॅज्युएटेड म्हणा. डू द नीडफुल पण सोडा.

आता महत्त्वाचं. परचेस ऑर्डर, माल आल्याची पावती आणि बिल, तिन्ही जुळवून मगच बिल पास करणं, ह्याला इथे थ्री वे मॅच म्हणतात आणि एपीच्या इंटरव्ह्यूत ते विचारतातच. चाकणला रोज केलंय तुम्ही, फक्त नाव वेगळं असेल. टॅक्सचं म्हणाल तर ऑन्टारियोत एचएसटी (इथला विक्रीकर) १३ टक्के, ५ केंद्राचे आणि ८ प्रांताचे, आणि इनपुट टॅक्स क्रेडिट हा शब्द तर जसाच्या तसा आहे. १ जुलै २०१७ ला आपल्याकडे जीएसटी आला तेव्हा तुम्ही अकाउंट्सला होतात ना? त्या जुलै-ऑगस्टमध्ये काय धावपळ झाली ती आठवा. व्हॅट, एक्साइज, सर्व्हिस टॅक्स सगळं जाऊन एका रात्रीत नवीन पद्धत, प्रत्येक व्हेंडरचा नंबर गोळा करणं, चुकीची बिलं परत पाठवणं. 'नवीन गोष्ट पटकन शिकलात असा प्रसंग सांगा' ह्याला ह्याहून चांगलं उत्तर मला तरी माहीत नाही, आणि ते इथल्या कुणाकडे नसणार. मी तेच सांगितलं होतं आणि मॅनेजर पेन ठेवून ऐकत बसली होती.


नवी_मिसिसागाकर:

तुम्हा दोघांचे किती आभार मानू. थ्री वे मॅच हे नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं, काम मात्र चार वर्षं तेच केलंय.

मतभेदाचा प्रसंग रात्री बसून आठवला, बघा चालेल का. एका व्हेंडरचं ५०० नगांचं बिल आलं, स्टोअरची एंट्री ४८०. मी बिल थांबवलं. स्टोअरचे साहेब चिडले, म्हणाले मोठा व्हेंडर आहे, पेमेंट अडलं तर माल थांबवेल, लाइन बंद पडेल, तू पास करून टाक. मग आम्ही सगळ्यांनी मिळून चेक केलं तर २० नग क्वालिटीने रिजेक्ट केले होते आणि परतीचं चलनच बनलं नव्हतं. मग आम्ही ४८० चं पेमेंट केलं आणि नंतर अशी पद्धत ठेवली की रिजेक्शनची स्लिप त्याच दिवशी अकाउंट्सला यायची, त्याने अडकलेली बिलं महिन्याला तीसेक असायची ती पाच-सहावर आली.

पण ह्यात साहेबांची तक्रार केल्यासारखं नाही ना होत?


स्कारबरोकर:

प्रसंग उत्तम आहे, हाच सांगा. पण मला एक सांगा, 'आम्ही सगळ्यांनी मिळून' म्हणजे स्टोअरला चालत कोण गेलं? गेटचं इनवर्ड रजिस्टर कुणी उघडलं? स्लिपची पद्धत कुणी सुचवली?


नवी_मिसिसागाकर:

मीच गेले होते. त्या साहेबांना घेऊनच गेले, म्हटलं आपण दोघं रजिस्टर बघू. स्लिपचंही मीच आमच्या मॅनेजर सरांना सांगितलं, त्यांनी मेल काढला.


स्कारबरोकर:

मग तसंच सांगा ना ताई! मी बिल थांबवलं, मी त्यांना म्हटलं चला बरोबर बघू, मी पद्धत सुचवली आणि मॅनेजरने ती लागू केली. ह्यात कुणाचं श्रेय चोरलेलं नाही, जे झालं तेच आहे. आपल्याला लहानपणापासून 'मी मी करू नये' शिकवलंय आणि ते घरात, मंडळात, देवळात बरोबरच आहे, पण पॅनेलवर मी 'वी' ऐकतो तेव्हा कागदावर लिहितो 'उमेदवाराचा स्वतःचा भाग स्पष्ट नाही'. मला ते लिहिताना वाईट वाटतं, कारण समोरच्या माणसाने ते काम केलेलं असतं हे मला कळत असतं, पण न बोललेल्याला मार्क देता येत नाहीत. आपली कितीतरी हुशार माणसं ह्या एका शब्दापायी मागे राहताना मी बघितलीत.

साहेबांची तक्रार वाटायला नको असेल तर त्यांची बाजूही एका वाक्यात सांगा, त्यांना लाइन बंद पडायची काळजी होती आणि ती खरीच होती. मतभेदाच्या प्रश्नात तेच बघतात, दुसऱ्याचं म्हणणं तुम्हाला कळलं का.


किचनर_वॉटर्लू:

उरलेल्या प्रश्नांचं मी बोलतो. गॅप: एक वाक्य. घरच्या जबाबदारीसाठी तीन वर्षं थांबले होते, आता पूर्णवेळ कामाला तयार आहे, आणि लगेच कामाकडे वळा. सॉरी नाही, स्पष्टीकरण नाही. मुलं किती, अजून होणार का, लग्न झालंय का, वय, धर्म हे त्यांनी विचारायचं नसतं, ऑन्टारियोचा मानवाधिकार कायदा आहे त्याला. कुणी गप्पांच्या ओघात विचारलंच तर भांडू नका, 'जाहिरातीतल्या वेळा मला जमतात' एवढंच म्हणा, त्यांना खरं तेच जाणून घ्यायचं असतं. इथे काम करायची परवानगी आहे का हे मात्र विचारू शकतात, हो म्हणायचं. सिन (सोशल इन्शुरन्स नंबर) इंटरव्ह्यूत देऊ नका, नोकरी लागल्यावर.

कॅनडाचा अनुभव: ऑन्टारियोच्या मानवाधिकार आयोगाने २०१३ सालीच सांगितलंय की ही सरसकट अट भेदभावात मोडते, आणि १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला जाहिरातीत किंवा अर्जात ती मागताच येत नाही. तरी तोंडी विचारणारे विचारतात. तेव्हा कायदा सांगू नका, काम सांगा: इथे अजून नाही, पण सात वर्षं अकाउंट्सला होते, त्यातली चार हेच काम केलंय, महिन्याला इतकी बिलं, आणि एचएसटीचं गणित जीएसटीसारखंच आहे.

पगार: त्याच तारखेपासून तशाच कंपन्यांना जाहिरातीत पगाराची रेंज लिहावी लागते, तुमची परत उघडून बघा. नसेल तर सरकारच्या जॉब बँक साइटवर पोस्ट आणि शहर टाका, कमीत कमी, मधला, जास्तीत जास्त असे तिन्ही दर दिसतात. मधल्याच्या आसपासची रेंज सांगा. 'तुम्ही द्याल ते' म्हणू नका, मी म्हटलं होतं आणि दोन वर्षं भरलं.

रेफरन्स, म्हणजे तुमच्या कामाबद्दल सांगू शकणारी माणसं, आत्ताच विचारून ठेवा, जुने साहेब चालतात, नातेवाईक नाही. हिवाळ्यात पुणे साडेदहा तास पुढे असतं, त्यांना सांगा की मेल येईल किंवा संध्याकाळी फोन येईल.

आणि अ‍ॅक्सेस एम्प्लॉयमेंट ह्या नोकरीसाठी मदत करणाऱ्या संस्थेचं ऑफिस मिसिसागालाच आहे, पीआर असलेल्यांना फुकट मॉक (सरावाचा) इंटरव्ह्यू घेतात. गुरुवारच्या आत एक तरी करा. आरशासमोर बोलण्यात आणि अनोळखी माणसासमोर बोलण्यात फार फरक आहे. स्कारबरोकरांशी एकाच ठिकाणी माझं जमत नाही: सगळंच घरगुती टाळू नका. लिफ्टपासून खोलीपर्यंत जाताना बर्फ, ट्रॅफिक, वीकेंड ह्यावर दोन वाक्यं मोकळी बोला, तेवढ्यात माणूस माणसाला बघतो.


नवी_मिसिसागाकर:

झाला इंटरव्ह्यू. पन्नास मिनिटं. पुढच्या कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते: स्वतःबद्दल, थ्री वे मॅच समजावून सांगा, एकच बिल दोनदा पेमेंटला आलं तर कसं पकडाल, मतभेदाचा प्रसंग, महिनाअखेरीला सगळंच तातडीचं असतं तेव्हा आधी काय कराल, एक्सेल किती येतं, आणि तुम्हाला काही विचारायचंय का. मी विचारलं की बिलं कागदावर येतात की मेलवर, तर त्या दोघींनी बराच वेळ त्याबद्दल सांगितलं, कागदाचा त्यांना त्रासच आहे.

५०० आणि ४८० सांगताना मधे एकदा 'वी' आलं, थांबले, आणि 'आय वेंट टू द स्टोअर मायसेल्फ' म्हटलं. त्या लिहीत होत्या. शांत होतं. मी काही जोडलं नाही. दोनदा पेमेंटच्या प्रश्नाला जरा अडखळले, बिल नंबर आणि रक्कम सांगितली पण व्हेंडरचं खातंच दोनदा उघडलेलं असू शकतं हे घरी आल्यावर सुचलं.

पेएबलवाली ताई, जीएसटीचं सांगायची वेळच आली नाही, पण पाठीशी आहे असं वाटत होतं. अ‍ॅक्सेसला मंगळवारी जाऊन आले, तिथल्या बाईंनी सांगितलं मी आकडे फार भरभर बोलते, फिफ्टीन की फिफ्टी कळत नाही. ते हळू केलं.

त्यांनी दोन रेफरन्स मागितलेत. मॅनेजर सरांना व्हॉट्सअ‍ॅप केला, तीन वर्षांनी, संकोच वाटत होता. पाच मिनिटात उत्तर आलं, म्हणाले ती रिजेक्शन स्लिप अजून चालू आहे, फोन आला तर तेच सांगतो. दुसरा कुणाचा देऊ, स्टोअरच्या त्याच साहेबांचा दिला तर चालेल का?