बर्डिक यांच्याबद्दल थोडं

काही जण म्हणतात की बेसबॉल कार्डं, म्हणजे बेसबॉल खेळाडूंची चित्रं असलेली, लोक जमवतात ती छोटी कार्डं, हा निव्वळ पैशाचा खेळ आहे. मला नाही पटत. टॉप्स या कार्ड कंपनीच्या १९५२च्या मालिकेतलं, मिकी मँटल या खेळाडूचं कार्ड २०२२ मध्ये १.२६ कोटी डॉलरला गेलं, हे खरं. पण कार्डं जमवण्याचा छंद या पैशाच्या आधीचा आहे. जेफरसन बर्डिक या अमेरिकन संग्राहकाचं नाव इथे यायलाच हवं. सिगारेटच्या पाकिटांतून निघालेली कार्डं त्यांनी जमवली, त्यांची सूची केली. होनस वॅग्नर या जुन्या खेळाडूचं दुर्मीळ कार्ड ज्या संचातलं, त्याला 'टी२०६' हे नाव त्यांच्याच सूचीतून मिळालं. अख्खा संग्रह त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला. आणि संधिवाताने हात आखडलेले असताना वर्षानुवर्षं तिथे बसून कार्डं अल्बमांत चिकटवली! त्यात बेसबॉलचीच ३०,०००हून जास्त आहेत.