वडिलांना ‘डिजिटल अटक’ : तक्रार करायला ते तयार नाहीत, काय करावे?

कृष्णाकाठ :
माझे वडील ७२ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. आई गेल्यापासून सांगलीत एकटेच राहतात. त्यांच्या आधार क्रमांकावर घेतलेल्या सिमवरून काळ्या पैशाचे व्यवहार झाले आहेत, असे सांगणारा फोन मंगळवारी सकाळी आला आणि थोड्याच वेळात गणवेशातला एक ‘अधिकारी’ व्हिडिओ कॉलवर हजर झाला. पुढचा दीड दिवस मोबाइल चार्जरला लावून, तांब्याला टेकवून समोर ठेवायला लावला होता. चहा करायला उठतानाही वडील परवानगी मागत होते. शेवटी ठेव मोडून ‘पडताळणीसाठी’ ४ लाख ८० हजार रुपये पाठवले. बँकेत विचारणा झाली, तेव्हा पुतणीचे लग्न आहे हे पढवलेले उत्तर त्यांनी दिले. मला हे काल रात्री कळले. ‘जन्मभर मुलांना शहाणपण शिकवले, आता चौकीत जाऊन काय सांगू?’ एवढेच ते म्हणतात. त्यांच्या मनाविरुद्ध तक्रार करावी का?

जुना कॅशियर :
चर्चा नंतर करा, आधी सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा. वडिलांचा खाते क्रमांक, रक्कम, व्यवहाराची वेळ आणि पासबुकात किंवा संदेशात दिसणारा यूटीआर (म्हणजे व्यवहाराच्या ओळखीचा) क्रमांक हाताशी ठेवा. तक्रार नोंदली की रक्कम ज्या खात्यात गेली त्या बँकेला सूचना जाते आणि तिथे शिल्लक असेल तेवढे पैसे रोखून धरता येतात. अडचण अशी की ही खाती भाड्याने घेतलेली असतात. पैसे तिथून तासाभरातच पुढच्या पाच-सहा खात्यांत पांगतात, म्हणून घाई. वडिलांच्या शाखेतही लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात कामकाजाच्या तीन दिवसांच्या आत कळवल्यास ग्राहकावर भार नाही, असे आहे खरे, पण ते ग्राहकाची चूक नसलेल्या व्यवहारांसाठी. इथे पैसे वडिलांनी स्वतः पाठवले आहेत, त्यामुळे त्यावर फार विसंबू नका.

वकीलकाका :
वडिलांना हे वाचून दाखवा. आपल्या कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्टच नाही. पोलिसांना चौकशीला बोलवायचे असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली नोटीस द्यावी लागते, आणि ती व्हॉट्सॲपवरून बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे. न्यायालय कुणाकडूनही ‘पडताळणी’साठी पैसे मागून घेत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये या फसवणुकीबद्दल बोलावे लागले, तेव्हा फसणारे आपण एकटेच नाही, हे गुरुजींच्या लक्षात आणून द्या.

पुणेरी सून :
माझ्या सासूबाईंना असाच फोन आला होता. त्या वाचल्या त्या केवळ दूधवाल्याने बेल वाजवली म्हणून. दार उघडून त्याच्याशी दोन शब्द बोलल्या आणि भानावर आल्या. कुणाशी बोलायचे नाही, ही अट घालतात तिथेच सगळी मेख असते. आता आम्ही मोठ्या ठेवी संयुक्त नावावर, दोघांच्या सह्यांशिवाय मोडता येणार नाहीत अशा केल्या आहेत. आणखी एक : काही दिवसांनी ‘तुमचे पैसे सोडवून देतो, आधी शुल्क भरा’ असे फोन येतील. तीही बहुधा त्याच टोळीची माणसे.

कृष्णाकाठ :
सर्वांचे आभार. १९३० वर नोंद झाली. एका खात्यात ६२ हजार रुपये अडकवून ठेवल्याचे कळले. बाकीचे पुढे गेले आहेत. वकीलकाकांचा प्रतिसाद वडिलांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि दुपारी चौकीत जाताना, जबाब मीच सांगणार, तू मध्ये बोलू नकोस, असे मला बजावले.