८०२.१एक्स : बरोबर पासवर्ड देऊनही ‘ॲक्सेस-रिजेक्ट’ का येते?

प्रश्न :
आमच्या जाळ्यावर ८०२.१एक्स (जाळ्यात शिरण्यापूर्वी ओळख तपासणारे मानक) लागू करण्याचे काम माझ्याकडे आहे. वापरकर्त्यांची खाती ओपनएलडीएपीमध्ये (खात्यांची निर्देशिका ठेवणाऱ्या सर्व्हरमध्ये) असून पासवर्ड सॉल्टेड हॅशच्या (यादृच्छिक भर घालून केलेल्या, उलट न फिरवता येणाऱ्या ठशाच्या) रूपात साठवलेले आहेत. फ्रीरेडियसवर (प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या रेडियस सर्व्हरवर) पीईएपी-एमएसचॅपव्ही२ ही पडताळणीची पद्धत ठेवली, तर प्रत्येक वेळी ‘ॲक्सेस-रिजेक्ट’ (प्रवेश नाकारल्याचे उत्तर) येते. त्याच खात्याने एलडीएपीवर थेट बाइंड (नाव-पासवर्ड देऊन लॉगिन) मात्र होते. कॉन्फिगरेशनमध्ये काही राहिले आहे, की पद्धतच बदलावी?

पहिले उत्तर :
पद्धत बदला. एमएसचॅपव्ही२ मध्ये पासवर्ड सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. पोहोचतो तो चॅलेंजला (सर्व्हरने पाठवलेल्या यादृच्छिक आकड्याला) दिलेला प्रतिसाद, आणि तो पडताळायला सर्व्हरजवळ मूळ पासवर्ड किंवा त्याचा एनटी हॅश (विंडोज वापरते तो पासवर्डचा हॅश) असावाच लागतो. सॉल्टेड हॅशवरून यांपैकी काहीच काढता येत नाही. एनटी हॅशही साठवावा असे कोणी सुचवेल, पण कृपया तसे करू नका, कारण त्याला सॉल्ट नसतो आणि डेटाबेस फुटला तर बहुतेक पासवर्ड झपाट्याने उघडे पडतील. ईएपी-टीटीएलएस (आधी टीएलएसचा कूटबद्ध बोगदा उभारणारी पद्धत) घेऊन आत पीएपी (पासवर्ड जसाच्या तसा पाठवणे) ठेवा : पासवर्ड टीएलएसच्या बोगद्यातून रेडियसकडे येतो आणि रेडियस त्याच पासवर्डने एलडीएपीवर बाइंड करून पाहतो.

यात सारी भिस्त आहे ती वापरकर्त्याच्या उपकरणाने सर्व्हरचे प्रमाणपत्र (त्याची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) तपासण्यावर. ते तपासले गेले नाही, तर त्याच नावाचे बनावट वाय-फाय उभारणाऱ्याच्या हाती पासवर्ड जसाच्या तसा पडतो.

दुसरे उत्तर :
वरील मताशी सहमत आहे. मात्र संस्थेच्या मालकीच्या लॅपटॉपवर प्रमाणपत्रे आपोआप बसवण्याची सोय असेल, तर तेथे ईएपी-टीएलएसच (पासवर्डऐवजी उपकरणाच्या प्रमाणपत्राने ओळख पटवणारी पद्धत) घ्यावे. पासवर्डचा प्रश्नच मिटतो. हरवलेल्या लॅपटॉपचे प्रमाणपत्र रद्द केल्यावर रेडियस ती रद्द-यादी खरोखर वाचतो का, हे स्वतः करून पाहा.

प्रिंटरना मॅक पत्त्यावरून (उपकरणाच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावरून) प्रवेश द्यावा लागला, तर त्यांचा व्हीलॅन (जाळ्याचा आभासी विभाग) वेगळा ठेवा, कारण मॅक पत्ता कोणालाही नकलता येतो. अशा विनंत्या बहुधा ईएपीविना (वरील पद्धती ज्यावर चालतात त्या पडताळणी-संवादाविना) जातात आणि २०२४ मध्ये उघड झालेल्या, रेडियसचे उत्तर बनावट करणाऱ्या ब्लास्टरेडियस हल्ल्याचा धोका अशांनाच आहे. म्हणून स्विच आणि सर्व्हर दोन्हीकडे ‘मेसेज-ऑथेंटिकेटर’ (संदेशात फेरफार झालेला नाही हे पटवणारी खूण) सक्तीचा करा.

प्रश्नकर्ता :
टीटीएलएस आणि पीएपीने लॅपटॉप जोडला गेला, आभारी आहे. अँड्रॉइड फोन मात्र ‘डोमेन’ विचारतो आणि ते भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

पहिले उत्तर देणारे :
तेथे रेडियसच्या प्रमाणपत्रात पर्यायी नाव म्हणून नोंदवलेले डीएनएस नाव भरा, वाय-फायचे नाव नव्हे.