कारवारची 'आयएनएस चपळ' शालेय सहलीत दाखवावी का?

खानापूरकर:
नमस्कार. आमच्या मराठी शाळेच्या आठवीची सहल यंदा कारवारला न्यावी, असा विचार चालू आहे. वर्गातील बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. टागोर किनाऱ्यावरील 'चपळ' या युद्धनौका-संग्रहालयातून इतिहास शिकवता येईल का, आणि १९७१ च्या युद्धात हीच नौका लढली होती, असे सांगितले जाते ते खरे आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शहापूरवासी:
ते खरे नाही. 'चपळ' नौदलात दाखल झाली १९७६ साली. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर चालून गेल्या त्या 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर'. 'चपळ' ही त्याच सोव्हिएत घराण्यातील सुधारित नौका. त्या आधीच्या नौकांवर क्षेपणास्त्रांसाठी पेटीसारखे चौकोनी कोठे होते, तर 'चपळ'वर गोल नळकांडी आहेत. मुलांना हा फरक छायाचित्रांसह आवर्जून दाखवावा. २००५ साली निवृत्त झालेली ही नौका २००६ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. लांबी जेमतेम ३९ मीटर, शिड्या उभ्या आणि दारे इतकी अरुंद की मोठ्या माणसाला अंग चोरूनच आत शिरावे लागते. अशा छोट्या नौकांचा इंधनसाठा तोकडा असल्याने कराचीच्या मोहिमेत त्यांना काही अंतर मोठ्या जहाजांनी ओढत नेले होते, हे त्या आतल्या जागेत उभे राहून सांगितले, तर मुलांना लगेच पटते. मात्र मुलांना लहान गटांनीच आत सोडा.

नंदगडची सून:
सर, माझे माहेर कारवारकडचे, म्हणून आग्रहाने सांगते की नुसती नौका पाहून परतू नका. काळी नदीच्या मुखावरील सदाशिवगडावर मुलांना न्या. सतराव्या शतकात इंग्रजांनी कारवारला वखार घातली ती मिरी आणि तलम कापडासाठी, आणि हे कापड हुबळीच्या बाजूला विणले जाऊन घाट उतरून बंदरावर येत असे. बंदराची भरभराट आपल्या घाटमाथ्याकडच्या मालावर झाली, हे आपल्या मुलांना कळायलाच हवे. शिवाय १८६२ पासून १९५६ पर्यंत उत्तर कानडा आणि बेळगाव हे दोन्ही जिल्हे मुंबईच्याच कारभारात होते. रामनगर, जोयडा आणि अणशी घाट हा रस्ता सुंदर आहे, पण पावसाळ्यात दरडींचे भय असते. सहल दिवाळीनंतरच काढावी.

खानापूरकर:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. सकाळी सदाशिवगड आणि दुपारनंतर 'चपळ', असा बेत मुख्याध्यापकांपुढे ठेवतो. १९७१ चा भाग सहलीआधीच वर्गात शिकवून घेईन.