टिपरेंच्या वेळी केबल गेली की फोन यायचे. आता अशी मालिका का होत नाही?

केबलवाला_मिरज

नमस्कार मंडळी. इथं नेहमी नुसता वाचून जातो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मिरजेत माझा केबलचा धंदा, १९९८ पासून. आता फायबर ओढतो, पण गल्लीत नाव अजून 'केबलवाला' हेच. २००१ साली अल्फा मराठीवर (आताचं झी मराठी) 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली तेव्हा माझ्याकडं साडेतीनशेच्या आसपास कनेक्शनं होती. गच्चीवर पत्र्याची कंट्रोल रूम, तीन डिश, आणि खाली घरात लँडलाइन. एरवी केबल गेली तर लोक सकाळी दूध आणायला निघाल्यावर गाठून बोलायचे. टिपरेंच्या वेळी गेली की दुसऱ्या मिनिटाला फोन. क्रिकेटची मॅच सोडली तर इतक्या तातडीचा फोन दुसऱ्या कशालाच येत नसे.

त्यात लोडशेडिंग. आमच्याकडं लाइट असायची, पण पुढच्या गल्लीत ज्या खांबावर ॲम्प्लिफायर, तिथं नसायची. मग त्याच्यापुढची सगळी घरं ठप्प. मी आणि हाताखालचा पोरगा हातगाड्यावर बॅटरी-इन्व्हर्टर टाकून पळायचो. त्यामुळं गंमत अशी झाली की ही मालिका मी तेव्हा एकदाही सलग पाहिली नाही. पाहिली ती शिडीवरून. जॉइंट पिळताना समोरच्या खिडकीतून आबा (म्हणजे दिलीप प्रभावळकरांनी केलेले टिपरे आजोबा) दिसायचे, आवाज शेजारच्या घरातून यायचा. एपिसोडची सुरुवात एका गल्लीत, शेवट दुसऱ्या गल्लीत. तरी त्या घरात कोण कुणावर का रुसतं हे मला आजही पाठ आहे.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या महिन्यात सांगलीला जाऊन 'दशावतार' पाहिला. मी, बायको, पोरगी आणि आई. आई ७८ वर्षांची, थिएटरात शेवटची गेली ती 'सैराट'ला, म्हणजे २०१६ ला. प्रभावळकर पडद्यावर आले आणि आई सगळ्या थिएटरला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आबा किती थकले गं!" आख्खी रांग हसली. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी वळून सांगितलं, "मीपण तेच म्हणणार होते." पडद्यावर बाबुली मेस्त्री, पण आई पूर्ण वेळ आबांनाच बघत होती. त्यांना काही झालं की ही माझा हात धरायची. ८१ व्या वर्षी तो माणूस अंगावर वेष चढवून, रंग लावून एवढा मोठा सिनेमा ओढतो, त्याला मानलंच. पण गर्दीतले निम्मे लोक आईसारखेच आले असणार. वीस-बावीस वर्षं घरात बसलेल्या माणसाला भेटायला.

तसंच 'बाईपण भारी देवा'चं. २०२३ ला बायकोची आख्खी भिशी काळे गॉगल लावून गेली होती. दिग्दर्शक कोण? केदार शिंदे. म्हणजे टिपरेंचेच दिग्दर्शक!

घरी आल्यावर पोरीनं मोबाईलवर टिपरे शोधून काढली. नवरात्रात आम्ही अकरा एपिसोड पाहिले, पहिल्यांदाच सलग. पोरगी १९ वर्षांची, 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' या टीव्हीवरच्या स्किटच्या कार्यक्रमाची भक्त. तिचा निकाल: "पप्पा, यात काही घडतच नाही. पण बंद पण करवत नाही."

हास्यजत्रा मीही बघतो. समीर चौघुले, नम्रता संभेराव ही माणसं नुसती उभी राहिली तरी मला हसू फुटतं. पण सकाळी आठवायला गेलं तर स्किट आठवत नाही, नुसतं हसल्याचं आठवतं. मे महिन्यात त्याच टीमचा 'गुलकंद' पाहिला. सिनेमा बरा आहे, ईशा डे तर फारच आवडली. पण मला एक खोड लागलीय. हास्यजत्रेसारखा हशा आला की कॅमेरा परीक्षकांच्या खुर्चीकडं जाणार आणि सई ताम्हणकर हसताना दिसणार, याची वाट बघतो. इथं सई आणि प्रसाद ओक हे दोघे परीक्षक स्वतःच पडद्यावर! मग हसायचं कुणी? मी तर दोनदा बायकोकडं बघितलं.

तर प्रश्न असा. पाच माणसं, एक घर, आठवड्याला एक साधी गोष्ट, अशी मालिका आता मराठीत का होत नाही? आणि आज जे चेहरे टीव्हीवर आहेत, त्यांना वीस वर्षांनी कुणाची तरी आई थिएटरात अशी हाक मारेल का? का हे सगळं माझ्या पिकलेल्या केसांचं बोलणं आहे?

हॉस्टेल_क्रमांक_दोन

काका, धागा मस्त, पण असहमत.

मी पुण्यात नर्सिंग करते. नाइट ड्यूटीला चहाची सुट्टी मिळते तेवढ्यात एक स्किट बसतं, मधली जाहिरात ढकलली तर दीड. तुमची टिपरे बघायला घर लागतं, हातात ताट लागतं, शेजारी आजी लागते. माझ्याकडे हॉस्टेलची कॉट आणि एक इअरफोन आहे, तोही एकाच कानात, कारण बेल वाजली तर ऐकू आली पाहिजे.

आणि आठवत नाही कसं? नम्रताची लॉली आठवत नाही? फिल्टरपाड्याचा बच्चन आठवत नाही? तो करणारा गौरव मोरे कार्यक्रम सोडून गेला तेव्हा आमच्या मेसमध्ये सुतक होतं. हीसुद्धा माणसं परत परत येतात, त्यांचेही स्वभाव ठरलेले असतात. फक्त त्यांच्या घराला चार भिंती नाहीत.

सिनेमाचं म्हणाल तर २०२५ चा माझा सिनेमा 'आता थांबायचं नाय'. 'गुलकंद' आणि तो एकाच दिवशी, १ मेला आले. मी बाबांना घेऊन गेले. बाबा नगरपालिकेत सफाईला आहेत, नववीत शाळा सुटली. पडद्यावर महापालिकेचे कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव दोघांनीही नेहमीची हुकमी कॉमेडी बाजूला ठेवलीय. मी रडून घेतलं. बाबा एक शब्द बोलले नाहीत. बाहेर पार्किंगमध्ये गाडीला किक मारता मारता म्हणाले, "सतरा नंबरचा फॉर्म, बाहेरून दहावीला बसायचा, अजून भरता येतो का गं?"

कुडाळकर

बरां लिवलास, केबलवाल्यानू. आता मराठीत लिवतंय, नायतर मिरजेत कोणाक कळूचा नाय.

'दशावतार' आमच्याकडे लोकांनी दोन-दोनदा पाहिला. माझं मत विचाराल तर पूर्वार्ध सोनं. उत्तरार्धात सिनेमा त्या कन्नड 'कांतारा'च्या वाटेला लागतो, आवाज वाढतो, आणि बाबुली मेस्त्री जरा लांब जातो. पण प्रभावळकरांनी दशावतारी नटाचं जे चालणं-बसणं उचललंय त्याला तोड नाही. आमच्याकडचे म्हातारे नट असेच असतात. दिवसा खांद्यावर टॉवेल टाकून बाजारात फिरणारा माणूस रात्री राजा होतो.

तुमच्या प्रश्नाला मात्र माझं उत्तर वेगळं आहे. आमच्याकडे सिटकॉम, म्हणजे तीच ठरलेली माणसं आणि दर खेपेला नवी गंमत, कधी बंदच पडला नाही. जत्रेतलं दशावतारी नाटक पाहिलंय का कधी? लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी ठरतं आज कुठलं आख्यान, कोण कुठलं पात्र. बोलणं सगळं जागच्या जागी. त्याआधी पूर्वरंग, म्हणजे आड दशावतार, त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी आणि आमचा संकासुर. काळा वेष, बाहेर लोंबणारी लाल जीभ, आणि तोंडात फक्कड मालवणी. तो भटजीची खेचतो, सरपंचाची खेचतो, गावात गेल्या आठवड्यात जे काय झालं असेल ते सगळं त्याच्या तोंडी. दर वर्षी तोच संकासुर, तोच भटजी, त्याच खोड्या. माझ्या आजोबांनीही तेच बघितलं. याला तुम्ही लोक सिटकॉमच म्हणता ना?

अजून एक. सिनेमात प्रियदर्शिनी इंदलकर आहे, तीसुद्धा हास्यजत्रेतली. इथं कोण शिट्टी मारील म्हणून ती थांबत नाही, सरळ काम करते. म्हणजे स्किटवाल्यांना सिनेमा जमत नाही असं नाही. स्किटच सिनेमात आणलं की तुमच्यासारखं शेजारी बघावं लागतं.

लिहिता_हात

मी मालिका लिहितो. नाव-गाव विचारू नका, हप्ते चालू आहेत.

केबलवाले काका, कारण फार साधं आहे. रोजच्या मालिकेत एक भांडण तीन आठवडे चालतं. सोमवारी कानाखाली बसते, मंगळवारी तिचा आवाज, बुधवारी घरातल्या सगळ्यांचे चेहरे. तेवढ्यात लेखकाला श्वास घेता येतो. सिटकॉममध्ये बावीस मिनिटांत गाठ मारायची आणि सोडवायची, आणि शेवटी सगळे होते त्याच जागी आणून बसवायचे. पुढच्या खेपेला नवी गाठ. आठवड्याला एक असेल तर जमतं. पण आठवड्याला एकच एपिसोड दाखवायला आता कुणी तयार नसतं, कारण सवय रोजची लावायची असते. रोज सिटकॉम लिहायचा तर चार-पाच चांगले लेखक एका खोलीत हवेत. आमच्याकडे खोली असते, त्यात मी असतो आणि एसी असतो.

स्किटचं गणित त्यांना परवडतं. एकच रंगमंच, मागचा पडदा बदलला की नवं घर. एखादं पडलं तर दहा मिनिटांत दुसरं येतं.

टिपरेंचं नशीब म्हणा, प्रभावळकरांनी 'अनुदिनी' आधीच लिहिलेली होती. माणसं कागदावर पूर्ण घडलेली होती. केदार शिंदेंना घर बांधायचं नव्हतं, फक्त कॅमेरा आत न्यायचा होता. (फक्त म्हणतोय, पण तेही सोपं नाही. शुभांगी गोखले आणि राजन भिसे नुसते एकमेकांकडे बघतात ते एपिसोड परत पाहा.)

प्रयत्न होत नाहीत असंही नाही. २०२३ च्या जानेवारीत सोनी मराठीवर 'पोस्ट ऑफिस उघडं आहे' आली होती. हास्यजत्रेचीच मंडळी, सोबत मकरंद अनासपुरे. एक पोस्ट ऑफिस, ठरलेली माणसं, अस्सल सिटकॉमचा घाट. मला आवडायची. तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली, हात वर करा.

मी स्वतः एकदा अशी गोष्ट घेऊन एका वाहिनीच्या मीटिंगला गेलो होतो. भाड्याच्या दोन खोल्या, नवरा-बायको, सासरे आणि एक भाडेकरू. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि विचारलं, "छान आहे. पण यात व्हिलन कोण?" मी म्हणालो, "भाडं." परत फोन आला नाही.

केबलवाला_मिरज

सगळ्यांचे आभार.

लिहिता हात, माझा हात खाली आहे. पोस्ट ऑफिस नाही पाहिली, चूक कबूल. ती चालू होती तेव्हा मी घरोघरी फायबर टाकत होतो. आता शिडीवरून खिडकीत बघितलं तर टीव्ही बंद आणि तीन मोबाईल चालू दिसतात, कुणाचा कुणाशी मेळ नाही.

सवय रोजची लावायची म्हणता, तर एक सांगतो. २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायचा (टीव्ही-फोनवाल्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियम आला, ज्यानं त्यानं आपापले चॅनेल निवडायचे. मी फॉर्म घेऊन घर अन् घर फिरलो. शंभरातल्या नव्वद म्हाताऱ्यांनी पहिली खूण मराठीवर केली, आणि दर दुसऱ्या घरात विचारलं, "ते टिपरे यात लागतंय का रे?" मालिका संपून चौदाएक वर्षं झाली होती. कोण काय बघतं ते मोजणारे तुमचे ते मीटर कुणाच्या घरात असतात देव जाणे. माझं मीटर म्हणजे तो लँडलाइन होता.

हॉस्टेलच्या ताई, तुमचा मुद्दा मान्य. घर लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तर तेव्हा दुसऱ्यांच्या घरातनंच बघत होतो. बाबांना सांगा, सतरा नंबर भरता येतो. आमच्या ऑफिसातल्या वायरमननं गेल्या वर्षी भरला. इंग्रजी राहिलंय, पण बाकी सुटलं. नजीकच्या शाळेत चौकशी करा, मुदत चुकवू नका.

कुडाळकर, संकासुराचं वाचून पोरगी मागं लागलीय. जत्रा कधी असतात? आणि रात्रभर बसायची सोय कशी?

हॉस्टेल_क्रमांक_दोन

काका, थँक्यू. बाबांना स्क्रीनशॉट पाठवला. त्यांचं उत्तर, "इंग्रजी राहिलं ना त्याचं? बघ." म्हणजे घाबरलेत, पण नाही म्हणाले नाहीत.

आणि काल ड्यूटी संपल्यावर टिपरेंचा एक एपिसोड लावला. कॉटवर चौघी बसलो. दोघी झोपल्या. आम्ही दोघी अजून एक बघणार आहोत.

कुडाळकर

केबलवाल्यानू, कार्तिकात तुळशीची लग्नं झाली की जत्रा सुरू, मग मे संपेपर्यंत कुठे ना कुठे असतेच. नाटक उभं राहायला रात्रीचे बारा तरी वाजतात, उजाडेपर्यंत चालतं. अंथरायला गोधडी आणा, स्वेटर आणा, आईंसाठी पाठीची खुर्ची आणा. मोचेमाडकर, पार्सेकर, आजगावकर, कुठल्याही मंडळाचं असो, पुढे बसा, बाजूला पायपेटीवाला दिसेल अशा बेतानं. मालवणी कळलं नाही तरी संकासुर कळतो. राहायला आमचं घर आहे, आंघोळीला चुलीवरचं पाणी.

केबलवाला_मिरज

आईला आत्ताच वाचून दाखवलं. रात्रभर बसते म्हणाली. फक्त विचारतेय, आबा येणार आहेत का?