सापाची लस विकत घेऊन वाडीत ठेवावी का? मंडळाचे पैसे नेमके कशावर खर्च करावेत?

वाडीकर_डोंबिवली:

नमस्कार. आमची वाडी रत्नागिरी जिल्ह्यात, सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर. चाळीसेक घरं, त्यातली निम्मी गणपती-शिमग्यालाच उघडतात. मी नोकरीमुळे डोंबिवलीत असतो आणि वाडीच्या मुंबई मंडळाचा चिटणीस आहे.

गेल्या ऑक्टोबरात भातकापणीच्या दिवसांत माझ्या चुलतभावाला गडग्यालगतचं (दगडी कुंपणालगतचं) गवत कापताना फुरसं हा विषारी साप चावला. उजव्या हाताच्या बोटाला. घरच्यांनी मनगटाच्या वर सुतळी करकचून बांधली आणि त्याला शेजारच्या गावातल्या जाणत्याकडे नेलं. त्याने कडुनिंबाचा पाला चावायला दिला. कडू लागतोय म्हटल्यावर ‘विष चढलेलं नाही’ म्हणून घरी पाठवलं. रात्री हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा रिक्षा मिळवून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथे ‘इथे ठेवून घेता येणार नाही, सिव्हिलला न्या’ असं सांगून चिठ्ठी दिली. सिव्हिलला पोचेपर्यंत पहाट झाली. भाऊ वाचला, पण ते बोट अजून नीट मिटत नाही.

आता मंडळाने यासाठी पैसे बाजूला काढलेत. बैठकीत एकाने सुचवलं की लसीच्या कुप्या विकत घेऊन वाडीतल्या एखाद्या फ्रिजमध्ये ठेवू, म्हणजे वेळेला हाताशी असतील. दुसरा म्हणतो जुनी रुग्णवाहिका घेऊ. तिसऱ्याला शिबिर भरवून बॅनर लावायचेत. पावसाआधी काहीतरी ठरवायचं आहे. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

सड्यावरचा_सर्पमित्र:

लस घरी ठेवण्याबद्दल जाणकार लिहितीलच. मी सापाबद्दल लिहितो. फुरसं लहान असतं, वीतभर-दीड वीत, म्हणून लोक त्याला हलक्यात घेतात. जांभ्याच्या दगडाखाली, पातेऱ्यात म्हणजे वाळक्या पाल्यात, गडग्याच्या फटीत बसलेलं असतं. डिवचलं की अंगाचं वेटोळं करून खवले एकमेकांवर घासतं, त्याचा करवतीसारखा खरखर आवाज येतो. तो आवाज आला की हात मागे. काजू गोळा करताना, भाजावळीचा पातेरा भरताना हातात काठी ठेवा, आधी काठीने चाळवा आणि मगच हात घाला.

चावलेला साप मारून दवाखान्यात घेऊन जाऊ नका. त्यात अर्धा तास जातो आणि दुसऱ्यालाही चावतो. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी अडत नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकत्रच बनवलेली असते. घाटाकडच्या झाडीत हिरवा चापडा असतो, त्याच्या विषावर मात्र ती चालत नाही. तिथे सूज-वेदनेवरच उपचार होतात, म्हणून फोटो असला तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

निवृत्त_सिस्टर:

दादा, लस वाडीत ठेवू नका. माझी सगळी नोकरी कोकणातच झाली, आधी उपकेंद्रात, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

ही लस दंडात टोचून मोकळं होण्यासारखी नाही. पहिला डोसच आठ ते दहा कुप्यांचा. कुपीत पावडर असते, ती पाण्यात हळूहळू फिरवून विरघळवायची, मग सलाईनमधून साधारण तासाभरात शिरेतून द्यायची. लस घोड्याच्या रक्तापासून बनते. त्यामुळे काही जणांना ती चालू केल्या केल्या अंगावर गांधी उठतात, थंडी वाजते, उलट्या होतात, क्वचित घसा आवळून श्वास कोंडतो. त्या क्षणी अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन भरलेलं हातात हवं आणि ऑक्सिजन खोलीत हवा. पडवीत, बॅटरीच्या उजेडात हे होणार नाही. शिवाय चावलेल्या प्रत्येकाला लस लागतेच असंही नाही. कित्येकदा साप चावतो पण विष सोडत नाही. तशा माणसाला लस दिली तर नुकसानच. आणि सरकारी दवाखान्यात ही लस फुकट असते, मंडळाने त्यावर पैसे घालवायचं कारणच नाही.

फुरशाचं विष रक्ताची गोठण्याची ताकद काढून घेतं. ते कळतं एका साध्या चाचणीवरून. शिरेतून दोन मिली रक्त काढायचं, कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घालायचं आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. मी घड्याळ काढून नळीशेजारी ठेवायचे, कारण नातेवाईक सारखे विचारतात आणि नळी उचलून बघायचा मोह होतो. वीस मिनिटांनी नळी आडवी करायची. गुठळी घट्ट बसलेली असली तर रक्त जागचं हलत नाही. विष भिनलं असेल तर ते पाण्यासारखं काचेवरून वाहत जातं. मग लस चालू करायला दुसऱ्या कुठल्या रिपोर्टची वाट बघायची नसते. नळी काचेचीच हवी. प्लॅस्टिकच्या नळीत आणि साबणाने धुतलेल्या नळीत चाचणी फसते, विष नसतानाही रक्त पातळ राहतं. एकदा गुठळी झाली म्हणून माणूस घरी सोडायचा नाही. चाचणी पुन्हा पुन्हा करायची आणि चोवीस तास ठेवून घ्यायचं.

तुमच्या भावाला वाडीतून निघाल्यापासून लस मिळेपर्यंत अख्खी रात्र गेली. ती रात्र कमी करण्यावर पैसा आणि श्रम घाला. रुग्णवाहिका घेऊ नका. चालक, विमा, डिझेल, दुरुस्ती हे मुंबईतून सांभाळता येत नाही आणि दोन पावसाळ्यांत ती गाडी गोठ्याशेजारी उभी राहते. १०८ ला फोन करायचाच, पण सड्यावर यायला तिला वेळ लागतो. म्हणून वाडीतल्या आणि खालच्या गावातल्या ज्यांच्याकडे गाडी आहे अशा तीन-चार जणांशी बोलून ठेवा की रात्री-अपरात्री हाक आली तर निघायचं, पेट्रोलचे पैसे मंडळ त्याच आठवड्यात देईल. त्यांचे नंबर प्रत्येक घराच्या दाराआड आतल्या बाजूला चिकटवा. रेंज कुठे मिळते तेही लिहा, सड्यावर हा मोठा प्रश्न असतो.

बाकी पैशांतून गमबूट, जाड हातमोजे आणि चांगल्या बॅटऱ्या. जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी मच्छरदाण्या, चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचायच्या. हे मण्यारीसाठी. ती रात्री घरात येते, चावलेलं कळतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, घरचे ओवा देतात, आणि थोड्या वेळाने पापण्या जड होऊन डोळे उघडेनासे होतात. पावसाळ्यात पहाटे पोटदुखी आणि पापण्या मिटायला लागल्या की दाताची खूण दिसो न दिसो, गाडी काढायची. हे वाडीतल्या प्रत्येक बाईला पाठ असलं पाहिजे, कारण त्या वेळी जागी तीच असते.

बॅनर लावून काही होत नाही. आशाताईंना सोबत घ्या आणि घरोघर, किंवा पाणवठ्यावर, किंवा आरतीनंतर मंदिरात चार-चार जणांशी बोला. बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ लावायचा नाही. अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढायचे, नंतर सुजेत रुततात. चावलेला हात किंवा पाय काठी लावून हलका बांधायचा, तो हलता कामा नये. माणसाला चालवायचं नाही. कोणी आधीच सुतळी बांधून आणलं असेल तर ती वाटेत सोडू नका, दवाखान्यातच सोडू दे.

आणि जाणत्याशी भांडू नका. लोक त्याच्याकडे जाणारच, तो रात्री दार उघडतो. आमच्या केंद्राच्या हद्दीतल्या एका भगताकडे आमच्या डॉक्टर मॅडम स्वतः गेल्या, चहा घेतला, विनंती केली की तुम्ही अंगारा लावा, पण गाडी आधी बोलवा आणि गाडीतच लावा. तो मानला. पुढे तोच पेशंटबरोबर गाडीत बसून यायचा आणि नातेवाईकांना धीर द्यायचा.

वाडीकर_डोंबिवली:

सिस्टर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. मण्यारीचं आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. एक शंका आहे. सगळं करून वेळेत केंद्रात पोचलो आणि पुन्हा ‘सिव्हिलला न्या’ म्हणाले तर?

एमओ_घाटमाथा:

मी सध्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे, म्हणून याचं उत्तर मी देतो.

पुढे पाठवण्यामागे बहुतेक वेळा भीती असते. रात्री एकच डॉक्टर, एक सिस्टर, आणि लसीची रिअ‍ॅक्शन आली तर बाहेर वीस माणसं उभी. ही भीती खरी आहे, पण तिच्यावर इलाज सराव हाच आहे. विषबाधेची लक्षणं दिसत असतील किंवा नळीत रक्त गोठत नसेल तर लसीचा पहिला डोस इथेच चालू करायचा आणि गरज असेल तर मग पुढे पाठवायचं, हीच शास्त्रीय पद्धत आहे. मूल असलं तरी डोस मोठ्या माणसाएवढाच, कारण साप मुलाला कमी विष देत नाही. गरोदर बाईलाही लस द्यायचीच. नाग चावून श्वास मंदावत असेल तर लसीबरोबर अ‍ॅट्रोपिन आणि निओस्टिग्मिन द्यायचं. श्वास थांबायला आला तर फुग्याने श्वास देत देत रुग्णवाहिकेत न्यायचं. मण्यारीच्या रुग्णाला कधीकधी व्हेंटिलेटर लागतो, तिथे पुढे पाठवणं बरोबरच.

तुम्ही मे महिन्यात गावी आलात की चार जण मिळून केंद्रात जा, दिवसा, शांतपणे. तक्रार घेऊन जाऊ नका, मदत विचारायला जा. लसीच्या किती कुप्या आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते, अ‍ॅड्रेनॅलिन कुठल्या ट्रेमध्ये आहे, काचेच्या नळ्या आहेत का, पावसाळ्यात रात्री मुक्कामाला कोण असतं, एवढं विचारा. माझ्याकडे असे लोक आले तर मला बरं वाटेल, कारण मग वरून साठा मागताना माझ्या पत्राला वजन येतं. साठा कमी असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या, प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना, आणि पोच घ्या.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला आहे. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं त्याचं उद्दिष्ट आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यातली, आणि बहुतेक जण दवाखान्यात पोचलेच नाहीत. तुमच्या वाडीतलं काम याच जागी पडतं.

जाता जाता विंचवाचंही सांगून ठेवतो. तुमच्याकडे लाल विंचू आहे. तो चावल्यावर दरदरून घाम, हातपाय गार, उलट्या झाल्या तर तेही केंद्राचंच काम. प्राझोसिनची साधी गोळी वेळेत मिळाली की माणूस वाचतो. हा उपचार महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी आपल्या कोकणातच रुग्णांवर काम करून जगाला दिला. गावोगावच्या केंद्रात ही गोळी असायला हवी, तीही बघून घ्या.

पंचायतीतली_बाई:

मी ग्रामपंचायत सदस्य आहे, शेजारच्या तालुक्यात. दोनच गोष्टी जोडते. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय पत्रिकेवर घ्यायला लावा आणि ठराव लिहून घ्या. गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला दरवर्षी अबंधित निधी येतो, म्हणजे ठरावीक कामाची अट नसलेला. रक्कम लहान असते, पण बॅटऱ्या आणि गाडीभाडं त्यात बसतं. मग मंडळाचा पैसा गमबुटांना राहील.

दुसरी गोष्ट लिहायला जड जाते, पण लोकांना माहीत नसते. शेतकरी कुटुंबात कोणी सर्पदंशाने गेलं तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख रुपये मिळतात. सातबारावर नाव नसलेला घरातला एक सदस्यही त्यात धरतात. घरचे दुःखात शवविच्छेदनाला नको म्हणतात आणि मग कागद उभा राहत नाही. अर्ज लवकरात लवकर करायचा, कसा ते तालुका कृषी कार्यालयात विचारायचं. आमच्या गावातली एक विधवा याच एका कागदासाठी वर्षभर फिरली.

वाडीकर_डोंबिवली:

सगळ्यांचं वाचून काल मंडळाची पुन्हा बैठक घेतली. लस आणि रुग्णवाहिका दोन्ही रद्द. वाडीत कायम राहणाऱ्या प्रत्येक घरात एक बॅटरी, शेतात जाणाऱ्या प्रत्येकाला गमबूट, आणि खाली झोपणारी म्हातारी माणसं नि मुलं यांना मच्छरदाण्या. खालच्या गावातले दोन रिक्षावाले आणि एक टेम्पोवाला तयार आहेत. नंबरांचा कागद मी छापून आणतोय. आशाताईंशी फोन झाला, त्या म्हणाल्या मण्यारीचं मी सांगेन, फुरशाचं तुमच्या भावाला सांगू दे, त्याचं बोट बघून लोक ऐकतील. भाऊ तयार आहे.

केंद्रात १ मेच्या आदल्या दिवशी जाणार आहोत. सिस्टर, जाताना काचेच्या नळ्या मंडळातर्फे भेट दिल्या तर चालतील का? आणि कुठल्या आणायच्या?

निवृत्त_सिस्टर:

जरूर द्या, पण आधी डॉक्टरांना फोन करून विचारा म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात साध्या काचेच्या टेस्ट ट्यूब मिळतात, आत कुठलंही औषध किंवा जेल नसलेल्या. कोऱ्या पाकिटातल्याच घ्या आणि पाकीट फोडू नका. बरोबर एक छोटा लाकडी स्टँड द्या, नळी उभी राहायला. वापरलेली नळी धुऊन परत ठेवायची नाही, हे स्टँडवरच पट्टी चिकटवून लिहा. रात्रपाळीला नवीन सिस्टर असली तर तिला तेच वाचून कळेल.